पाणंदीत रुतलेली गाडी : बाहेर काढली, मग तपासली

गाडी चिखलातून कशी काढायची याचे व्हिडिओ ढीगभर सापडतात. ती बाहेर आल्यावर काय काय बघायचं, कुठल्या कागदाला कधी हात घालायचा, किती पैसे बाजूला ठेवायचे, याबद्दल मात्र माहिती तुकड्या-तुकड्यांनीच मिळते. मला ती ट्रॅक्टरवाल्या आबांकडून, कळंबच्या एका फिटरकडून, पुण्यातल्या वर्कशॉपमध्ये आणि विम्याच्या माणसांशी फोनवर बोलून मिळाली. घडलं त्या क्रमाने इथे लिहून ठेवते.

१२ ऑक्टोबर २०२४ला दसरा होता. मी मामांच्या गावी गेले होते. गाव धाराशिव जिल्ह्यात, कळंब तालुक्यात, मांजरेच्या बाजूला. गाडी २०२१ची थार, डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर. सोयाबीन काढून ताडपत्रीखाली झाकलेलं होतं आणि परतीच्या पावसाने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळीही चांगला अर्धा तास कोसळला. रविवारी दुपारी उघडीप मिळाली म्हणून मी, मामा आणि मामेभाऊ शेतावर निघालो. बरोबर पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर आणि दोन ताडपत्र्या होत्या. दुचाकीवर ते नेण्यासारखं नव्हतं.

पाणंद मधोमध बऱ्यापैकी टणक होती, कारण तिच्यावर दोन वर्षांपूर्वी मुरूम पडलेला होता. समोरून ट्रॉली आली तेव्हा मी डावीकडे घेतलं. तिथून कुणाच्या तरी पाईपलाईनची चारी पाणंद ओलांडून गेली होती. उन्हाळ्यात खोदून बुजवलेली, वरून गवत उगवलेलं, त्यामुळे दिसायला ती बाकीच्या जमिनीसारखीच. पण उकरलेली काळी माती एका पावसाळ्यात दबत नाही. आधी पुढचं डावं चाक गेलं, मग मागचं डावं, आणि गाडी डाव्या अंगावर कलून पोटावर बसली. उजवी चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली.

त्यानंतर भेटलेल्या प्रत्येकाने एकच विचारलं, फोर बाय फोर असून कशी काय रुतली? आणि त्याच्या पाठोपाठ, गाडी कोण चालवत होतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देत बसले नाही. पहिल्याचं असं की फोर बाय फोरमुळे ताकद चारही चाकांकडे जाते, पकड मात्र जमिनीनेच द्यायची असते. काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. ओली असताना ती टायरच्या नक्षीत अशी ठासून बसते की चांगलं जाड खाचांचं टायरही दोन फेऱ्यांत गुळगुळीत होतं. त्यातून चाक फिरवत राहिलं की ते वर येत नाही, स्वतःसाठी खड्डा खणत बसतं. कोकणातल्या पुळणीवर किंवा मावळातल्या लाल चिखलात गाडी काढलेल्यांनी इथे तोच हिशेब लावू नये.

मी फोर लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त ओढ देणारा गिअर) टाकला, ट्रॅक्शन कंट्रोल बंद केलं, दुसऱ्या गिअरमध्ये हलकेच मागे-पुढे करून पाहिलं. गाडी इंचभर हलली आणि पुन्हा बसली. क्लचचा जळका वास यायच्या आत इंजिन बंद केलं. मामांचंही तेच म्हणणं होतं. "आता रेस देऊ नको बाई, ती अजून खाली जाईल. उतर आन् आधी बघ कशावर बसलीय."

हे 'कशावर बसलीय' बघणं मला आता सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मोबाईलचा टॉर्च लावून आडवं होऊन पाहिलं. फूटस्टेप चारीच्या कडेवर टेकून वाकला होता, मधला भाग मातीवर बसला होता आणि मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या पीव्हीसी पाईपचा तुकडा दिसत होता. म्हणजे आता दांडगाईने खणायची सोय नव्हती. टिकावाचा एक घाव पाईपवर बसला असता तर कुणाचं तरी ऐन रब्बीच्या तोंडावर पाणी बंद. मामेभावाने फोन लावून पाईपचे मालक कोण ते काढलं. ते तात्या येईपर्यंत आम्ही उजव्या बाजूची माती काढत राहिलो.

काळ्या चिखलात खोरं चालवणं हे वेगळंच काम आहे. माती खोऱ्यावरून सुटतच नाही. प्रत्येक वेळी खोरं पाण्यात बुडवायचं आणि दर दोन-तीन खेपांनी खुरप्याने खरवडायचं, नाहीतर चिखलापेक्षा जास्त वजन खोऱ्याचंच उचललं जातं. गाडीतला जॅक काढला, पण तो नुसता ठेवला असता तर स्वतःच जमिनीत गेला असता. शेतावरच्या कोठ्यातून जाड फळी आणली, जॅक तिच्यावर ठेवला. जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात, पाय, डोकं काहीही घालायचं नाही, ओल्या जमिनीत तर मुळीच नाही. चाकाखाली काय सरकवायचं ते बाजूने, लांब दांडक्याने. आम्ही बांधावरचे चपटे दगड, जुन्या तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) आणि रिकामी पोती वापरली. तुराट्या आडव्या घालायच्या, म्हणजे चाकाच्या वाटेला काटकोनात. उभ्या घातल्या तर चाक त्यांना मागे फेकून देतं. पोतं एकट्याने उपयोगाचं नाही, गुंडाळलं जातं. तुराट्यांवर पोतं असेल तर ते थोडी पकड देतं.

टायरमधली हवा मी बत्तीस पीएसआयवरून अठराच्या आसपास आणली. टायर पसरतं, वजन जास्त जागेवर वाटलं जातं. पण हवा कमी केली की स्टिअरिंग झटक्याने वळवायचं नाही, टायर रिमवरून सुटू शकतं. आणि परत हवा भरायची सोय जवळ नसेल तर मुळात काढूच नये. माझ्याकडे गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप होता.

सहा वाजून गेले. अंधार पडला, पुन्हा ढग आले. तात्या आले, पाईप पाहिला आणि म्हणाले, "आता राहू द्या. अंधारात दोर लावला आन् तुटला तर कुणाला लागंल ते कळायचं बी नाही. सकाळी आबांचं ट्रॅक्टर आणू." मला गाडी तशीच सोडून जाणं जिवावर आलं होतं. शिवाय पाणंद अडली होती आणि लोकांचं सोयाबीन अजून शेतात होतं. मामेभाऊ पुढच्या दोन-तीन शेतकऱ्यांना स्वतः जाऊन सांगून आला की उद्या दुपारपर्यंत वाट मोकळी होईल. गाडी रुतली की लोक आधी दोर शोधतात. त्याआधी ज्यांची वाट अडलीय त्यांना सांगणं बरं. दुसऱ्या दिवशी मदतीला तीच माणसं आली.

रात्री सोडून येताना गाडी गिअरमध्ये ठेवली आणि उजव्या चाकांना दगडांची उटी लावली. हँडब्रेक ओढला नाही. मागे ड्रम ब्रेक आहेत. आत चिखल-पाणी गेलेलं असताना हँडब्रेक रात्रभर ओढलेला राहिला तर लायनर ड्रमला चिकटून बसतात, आणि सकाळी एकाच्या जागी दोन कामं होतात.

रात्री पाऊस झालाच. सोमवारी सकाळी पाहिलं तर चारी भरून डबकं झालेलं आणि मागचं डावं चाक निम्म्यापर्यंत पाण्यात. इंजिनच्या हवेचा मार्ग खूप वर होता, सायलेन्सरचं तोंडही पाण्याबाहेर होतं. हे दोन्ही बघितल्याशिवाय चावी फिरवायची नाही. पण मागचा एक्सल रात्रभर पाण्यात होता ही गोष्ट मी तेव्हाच फोनमध्ये टिपून ठेवली, फोटोसकट. तापलेला एक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून किंवा ब्रीदरच्या (एक्सलमधल्या हवेला वाट देणाऱ्या) नळीतून पाणी आत ओढलं जातं. हे मला आबांनीच सांगितलं. ट्रॅक्टरचं तेल भातलावणीच्या चिखलात असंच खराब होतं, असं कोल्हापूरकडच्या पाहुण्यांकडून त्यांनी ऐकलं होतं. पुढे वर्कशॉपमध्ये हा फोटो फार कामाला आला.

सकाळी मी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. माझ्या पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीचं कलम होतं. पलीकडच्या मुलीने अतिशय सौजन्याने विचारलं, मॅडम, गाडी रस्त्यावर आहे की शेतात? पाणंद म्हटल्यावर थोडी शांतता. मग कळलं की 'मोटार जाण्याजोग्या रस्त्या'वर उभी असलेली गाडीच ते उचलतात. मी वाद घातला नाही. पण त्याच फोनवर नुकसानीची सूचना नोंदवून घेतली आणि क्रमांक लिहून घेतला. तुम्हीही हे करा. दावा पुढे करायचा की नाही ते नंतर ठरवता येतं, सूचना उशिरा दिली तर मात्र 'वेळेत का कळवलं नाही' हा प्रश्न पहिला येतो. नंबरप्लेट दिसेल असा, रुतलेल्या बाजूचा, वाकलेल्या भागाचा जवळून आणि किलोमीटरच्या आकड्याचा असे फोटो गाडी हलवण्याआधी काढून ठेवले.

मग आधी घमेल्याने डबकं उपसलं. दोन मजूर लावले होते, पाचशे-पाचशे रुपये. तात्यांनी स्वतः हाताने पाईपभोवतीची माती मोकळी केली. पाईप फुटला नव्हता, पण एक जोड निसटला होता. मग प्रत्येक चाकाच्या मागे उतार खणला. मागे एवढ्यासाठी की आम्ही आलो ती बाजू टणक होती, हे ठाऊक होतं. पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. रुतलेली गाडी बहुतेक वेळा आल्या वाटेने काढलेली बरी. चाक जिथे उभं आहे तिथून वरच्या जमिनीपर्यंत हात-दीड हात लांब उतार, त्यात तुराट्या, वर दगड. गाडीच्या पोटाखालची माती पहारीने बाजूने पोखरून काढली, नाहीतर ओली माती गाडीला खालून धरून ठेवते. या खणण्यात दोन तास गेले. ओढायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

आबांचं ट्रॅक्टर आलं तेव्हा कुणीतरी ट्रॉलीची साखळी पुढे केली. साखळी आणि जुना वायररोप यांना मी ठाम नाही म्हटलं. ते तुटले तर तुकडा काचेतून आत येतो. माझ्याकडे आठ टनी पट्टा आणि दोन डी शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या) होते. पट्टा गाडीच्या मागच्या टो हूकला लावला. तो हूक कुठे आहे ते गाडीबरोबरच्या पुस्तिकेत चित्रासकट असतं. ते घरी बसून बघून ठेवावं, चिखलात आडवं होऊन नव्हे. गाड्यांना खाली पातळ कड्याही असतात. त्या जहाजावर किंवा ट्रकवर गाडी बांधून नेण्यासाठी, ओढण्यासाठी नाहीत. बंपर, सस्पेन्शनचे दांडे, एक्सल यांना काही बांधायचं नाही.

ट्रॅक्टरच्या बाजूला दोर कुठे लावायचा हे आबांना सांगावं लागलं नाही. त्यांनी तो खालच्या ड्रॉबारला, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या ओढायच्या पट्टीला लावला. वर टॉप लिंकच्या जागी लावला आणि भार आला तर ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उभा राहून उलटू शकतो. पट्ट्याच्या मध्यावर ओलं पोतं टाकलं, म्हणजे तुटलाच तर उसळी कमी. सगळ्यांना लांब, बाजूला उभं केलं. यावर थोडी कुरकुर झाली, कारण गाडी निघताना जवळून पाहण्यात मजा असते. एक शाळकरी पोरगा तरी तीनदा हुसकावावा लागला.

मी फोर लोमध्ये रिव्हर्स टाकला, चाकं सरळ. आबांनी क्लच हळू सोडत आधी पट्टा ताणून घेतला, झटका दिला नाही. पट्टा ताणला गेल्यावर मी अगदी थोडा ॲक्सिलरेटर दिला. मागचं डावं चाक तुराट्यांवर चढलं, कचाकचा मोडण्याचा आवाज आला, गाडी उजवीकडे सरळ झाली आणि पाणंदीच्या मधोमध आली. टाळ्या वगैरे वाजल्या. आबांनी पैसे घ्यायला नकार दिला. डिझेलचे म्हणून हजार रुपये मामांनी त्यांच्या खिशात कोंबले. तात्यांच्या पाईपचा तुकडा, जोड, सोल्यूशन आणि बसवणाऱ्याची मजुरी मिळून १,१५० रुपये झाले, ते मी लगेच दिले. चारी आता मुरूम टाकून बुजवायची असंही ठरलं.

इथे घाई करून निघायचं नाही. गाडी जागेवर उभी करून भोवती एक फेरी मारली. खाली तेल किंवा पाणी ठिबकतंय का, कुठली वायर लोंबतेय का, टायरच्या कडेला चीर आहे का, रिमवरून टायर सुटलंय का. पुढच्या डाव्या चाकामागचं प्लास्टिकचं अस्तर फाटून टायरला घासत होतं, ते तारेने बांधलं. मग पायी चालण्याच्या वेगाने पन्नास मीटर जाऊन ब्रेक दाबून पाहिले. पहिल्यांदा पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबली नाही. ड्रममधला चिखल. आठ-दहा वेळा हलके ब्रेक लावल्यावर सुधारलं. डांबरी रस्ता लागण्याआधी हवा परत बत्तीसवर आणली आणि गाडी टू-व्हीलवर घेतली. टणक रस्त्यावर फोर बाय फोर गुंतलेला ठेवून वळणं घेतली की ट्रान्सफर केसवर, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीवर, फुकटचा ताण येतो.

कळंबला धुलाई केंद्रावर रॅम्प होता, चारशे रुपये घेतले. काळी माती वाळायच्या आत काढली तर पाण्याने निघते, वाळली तर छिन्नी लागते. पण प्रेशरचा फवारा सगळीकडे मारू देऊ नका. रेडिएटर आणि एसीच्या जाळीवर जवळून मारला तर पातळ पापुद्रे वाकतात. तिथे साधा पाईप, शक्य झाल्यास आतून बाहेरच्या दिशेने. चाकांजवळची सीलं, वायरींचे जोड, अल्टरनेटर यांच्यावर थेट धार नको. रॅम्पवर गाडी असतानाच शेजारच्या गॅरेजमधला फिटर डोकावला आणि त्याने बोट दाखवलं. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या रिमवर ग्रीस उडालं होतं. ड्राईव्ह शाफ्टच्या टोकाला जे रबरी बूट असतं ते फाटलं होतं. "पुण्यापर्यंत जाईल ताई, पण परत चिखलात घालू नका आन् आठवड्यात बदलून घ्या." वळताना कटकट आवाज येत नव्हता म्हणजे आतला जोड शाबूत होता. बूट वेळेत बदललं तर काही हजारांत भागतं, ग्रीस निघून जाऊन आत माती गेली की पूर्ण शाफ्ट घ्यावी लागते.

मंगळवारी परत निघाले. येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडीपर्यंत गाडी ठीक वाटली, रस्ताच असा की वेग साठच्या वर जात नाही. टेंभुर्णीला पुणे-सोलापूर हायवेला लागले आणि पंचाहत्तरच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. बेअरिंग गेलं, काहीतरी वाकलं, काय काय मनात येऊन गेलं. इंदापूरच्या अलीकडे एका टायरवाल्याकडे थांबले. त्याने चाक काढून उलटं करून दाखवलं. रिमच्या आतल्या पोकळीत चिखलाचा जाड थर एका बाजूला भाजलेल्या विटेसारखा घट्ट बसला होता. धुलाईवाल्याची धार तिथवर पोचलीच नव्हती. स्क्रू ड्रायव्हरने खरवडून चारही चाकं साफ केली, दीड-एक किलो माती निघाली असेल. थरथर नव्वद टक्के गेली. चिखलातून आल्यावर चाकं काढून आतून बघा, एवढं जरी तुम्ही लक्षात ठेवलंत तर पुढची धाकधूक वाचेल.

बुधवारी, कोजागिरीच्या दिवशी, गाडी वर्कशॉपला लावली. जॉब कार्डावर 'जनरल चेकअप' लिहीत होते. मी ते बदलून घेतलं. 'चिखलात रुतली होती, मागचा एक्सल रात्रभर पाण्यात, सगळ्या तेलांची तपासणी' असं शब्दशः लिहायला लावलं. यामुळे फरक पडतो, कारण नेहमीच्या सर्व्हिसमध्ये डिफरन्शियलचं (एक्सलमधल्या गिअरांच्या पेटीचं) तेल कुणी उघडून बघत नाही. मी समोर उभी राहिले. पुढच्या डिफरन्शियलचं तेल स्वच्छ. ट्रान्सफर केसचं स्वच्छ. मागच्याचा प्लग उघडला आणि जे बाहेर आलं ते दुधाळ, तपकिरी. पाणी शिरलं होतं. प्रमाण थोडं होतं, पण असंच महिनोन्‌महिने चालवलं असतं तर आतले गिअर आणि बेअरिंग गंजले असते. आतून धुऊन नवीन तेल घातलं, ब्रीदरची नळी चिखलाने बुजली होती ती मोकळी केली, २,६०० रुपये. मागचे ड्रम उघडले तर डाव्यातून मूठभर चिखल. लायनर चरे पडून झिजले होते, ते बदलले, साफसफाईसकट ३,३०० रुपये. एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर मिळून १,३००. अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे १,४००. बुटाचा संच तयार नव्हता, मागवायला लागला. मजुरीसकट ४,६००. वाकलेला फूटस्टेप आणि चाकामागचं अस्तर ५,२००. एकूण १८,४००. याशिवाय गाडी लिफ्टवर घेऊन खालून पुन्हा धुतली, त्याचे ९०० वेगळे. चॅसीच्या पोकळ भागांत जी काळी माती बसते ती ओल धरून ठेवते आणि तिथूनच गंज धरतो, म्हणून हा खर्च टाळू नका.

आता विमा. सोमवारी सूचना दिलेलीच होती. वर्कशॉपने अंदाजपत्रक पाठवलं, शुक्रवारी १८ तारखेला सर्व्हेअर आले. आरसी, परवाना, पॉलिसी, भरलेला क्लेम फॉर्म आणि शेतातले फोटो. घटना कशी झाली ते फॉर्मवर दोन ओळींत लिहायचं असतं. मी घडलं तेच लिहिलं, ट्रॉलीला वाट देताना बुजवलेल्या चारीत चाक खचलं. पोलिसांचा कागद त्यांनी मागितला नाही, कारण कुणाला इजा नव्हती, दुसऱ्या कुणाची गाडीही नव्हती. सर्व्हेअरनी सरळ सांगितलं की फूटस्टेप, अस्तर आणि बूट हे अपघाती नुकसान म्हणून धरता येईल. तेल, लायनर, फिल्टर ही देखभाल किंवा झीज, ती पॉलिसीत येत नाही. क्लच जळला असता तर तोही झिजेतच गेला असता. ओढून काढण्याच्या खर्चालाही खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत १,५०० रुपयांची मर्यादा असते, आणि त्यालाही पावती लागते. आबांच्या खिशात कोंबलेल्या हजाराची पावती कुठून आणायची?

म्हणजे मिळणार होते ९,८०० आणि त्यातून सक्तीचे २,००० वजा. दीड हजार सीसीच्या वरच्या गाडीला ते स्वतःच्या खिशातून भरावेच लागतात. हातात ७,८००. माझी झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी होती म्हणून एवढे तरी, नाहीतर रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर निम्मी घसारा कपात होते. आता दुसरी बाजू. माझा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, ३५ टक्के होता, पुढच्या नूतनीकरणाला तो ४५ आणि त्यापुढे ५० झाला असता. दावा घेतला की शून्य, मग वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ असं परत चढायचं. स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा प्रीमियम बोनसआधी १४,००० धरला तर या सगळ्या वर्षांत मिळून १६,८०० जास्त जातात. गाडीची किंमत उतरते तसा प्रीमियमही उतरतो म्हणून प्रत्यक्ष आकडा कमी येईल, पण ७,८००च्या वरच. मी त्यापुढच्या सोमवारी ईमेल करून दावा मागे घेतला आणि 'रक्कम न देता बंद' असं लेखी उत्तर मागून घेतलं. ते यायला आठवडा आणि दोन आठवणपत्रं लागली. त्याचा कागद नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी बोनसवरून हुज्जत होऊ शकते.

गाडी शनिवारी २६ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दोन दिवस आधी मिळाली. वर्कशॉपने हजार किलोमीटरला परत दाखवा म्हणून सांगितलं होतं. नोव्हेंबरच्या मध्यावर दाखवली. मागच्या डिफरन्शियलचा प्लग उघडून पाहिला, तेल स्वच्छ होतं. चाकांचे नट ठरलेल्या ताणाला परत आवळले. डावीकडचे दोन किंचित ढिले निघाले, कारण चाक काढून बसवताना रिम आणि हबच्या मध्ये राहिलेली माती वाळून झडली होती.

डिसेंबरच्या सुरुवातीला साठच्या पुढे मागून घूं असा आवाज यायला लागला. वेगाबरोबर वाढणारा, ब्रेक लावला तरी न बदलणारा. टायरचा आवाज असेल म्हणून मी आधी टायर आलटून-पालटून पाहिले, आवाज तिथेच. मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग होतं, रात्रभर पाण्यात होतं तेच चाक. ४,२०० रुपये. सगळं धरून खर्च सत्तावीस हजारांच्या घरात गेला. त्यातला गाडी ओढून काढण्याचा खर्च मजुरीसकट फक्त दोन हजार. बिलं मी एका फाईलमध्ये जॉब कार्डांसकट लावली आहेत, कारण गाडी विकायला काढली की घेणारा खाली वाकून बघणारच, आणि 'एक्सल उघडलाय का?' असं विचारलं तर दाखवायला कागद लागतो.